नाण्यांची छायाचित्रे व टंकनदोष

टांकसाळीत नाणे पाडताना ठशात, चकतीत किंवा आघातात काही उणीव राहिल्यास नाणे नेहमीच्या नमुन्याहून वेगळे उतरते. अशा नाण्यास ‘सदोष नाणे’ व त्या उणिवेस ‘टंकनदोष’ म्हणतात. चलनात अशा नाण्याची किंमत त्यावर छापलेल्या मूल्याइतकीच असली, तरी संग्राहकांत ते दुर्मिळ मानले जाते व त्याला मूळ मूल्याच्या अनेक पट दाम मिळतो. संग्राहक बहुतेक नाणी प्रथम छायाचित्रांतूनच पाहतो. पूर्वी ही छायाचित्रे संग्रहालयांच्या सूचींत व लिलावपत्रिकांत असत. अलीकडे ती भ्रमणध्वनीवरून एका गावाहून दुसऱ्या गावी क्षणात जातात. तथापि छायाचित्रात उमटतो तो धातू नव्हे, तर धातूवरून परत आलेला प्रकाश. दिवा कोठे ठेवला, तो किती उंचीवर होता व किती होते, यांवर चित्रातील प्रत्येक रेषा अवलंबून असते. सावलीची रेषा धातूची रेषा समजली गेली, की टांकसाळीत कधीही न घडलेला दोष कागदावर जन्माला येतो. प्राचीन नाण्यांच्या बाबतीत याच कारणाने राजाचे नावही बदलू शकते.

टंकनदोषाची संकल्पना : टंकनदोष ही संकल्पना यंत्राने पाडलेल्या नाण्यांबरोबर रूढ झाली. हाताने नाणी पाडण्याच्या पद्धतीत खालचा ठसा ऐरणीत बसवीत, त्यावर तापविलेली चकती ठेवून वरचा ठसा हातात धरीत व त्यावर घणाचा घाव घालीत. ठसा अनेकदा चकतीहून मोठा असे. त्यामुळे लेखाचा काही भाग चकतीबाहेर राही. घाव तिरपा बसे, चकती सरके, कधी दुसरा घाव घालावा लागे. अशा नाण्यांत एकही नाणे दुसऱ्यासारखे नसते. म्हणून लेखाचा अपुरेपणा किंवा छाप एका बाजूस सरकणे हा त्यांचा दोष न मानता गुणधर्म मानतात. सातवाहनांची पोटीन (तांबे, कथिल, शिसे इत्यादींच्या मिश्रधातूची) नाणी, शिवकालापासूनच्या शिवराया आणि नागपूरकर भोसल्यांचे मोगल बादशाह अहमदशाह बहादूर याच्या नावे पाडलेले रुपये या सर्वांना हे लागू पडते.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या मुलखात १८० ग्रेन (सु. ११·६६ ग्रॅ.) वजनाचा एकरूप रुपया चालू केला. मुंबईची टांकसाळ १८२९ मध्ये उभी राहिली होती व तेथे वाफेच्या यंत्रांवर काम होत असे. लाखो नाणी एकसारखी निघू लागल्यावर त्यांतील वेगळे नाणे डोळ्यात भरू लागले व ‘दोष’ या शब्दाला नेमका अर्थ आला.

यंत्रटंकनातील दोषांचे तीन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग ठशाचा : ठशाला तडा गेल्यास त्या तड्यात धातू शिरतो व नाण्यावर बारीक उंच रेषा उमटते. ठसा ज्या उठावाच्या मूळ ठशावरून घडवितात, त्याचा दाब पूर्वी एकाहून अधिक वेळा द्यावा लागे व मधल्या काळात पोलाद तापवून मऊ करीत. दुसरा दाब किंचित फिरून बसला, तर ठशावरच अक्षरे दोनदा उमटतात आणि त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर ती दुहेरी दिसतात. यास ‘दुहेरी ठसा’ म्हणतात. दुसरा वर्ग चकतीचा : यात चकती अपुरी, पातळ किंवा भलत्याच धातूची असते. तिसरा वर्ग आघाताचा : यात छाप मध्यावरून सरकते, नाणे दोनदा ठोकले जाते किंवा आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिल्याने पुढच्या नाण्यावर त्याची उलटी व खोलगट प्रतिमा उमटते.

दुहेरी ठशाचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टांकसाळीतील १९५५ सालचे एक सेंटचे नाणे होय. अशी सु. २० ते २४ हजार नाणी चलनात गेली, असे मानतात. त्यांवरील साल व लेख साध्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतात. या नाण्याला मिळालेल्या भावामुळे संग्राहक प्रत्येक नाण्यात दुहेरीपणा शोधू लागले. परंतु दुहेरीपणाचे आणखी एक, अगदी सामान्य कारण आहे. यंत्रातील ठसा सैल असल्यास आघात होताच तो किंचित सरकतो व नुकत्याच उमटलेल्या अक्षराची कड दाबून सपाट पायरीसारखी करतो. या प्रकारास संग्राहक फारशी किंमत देत नाहीत. खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही अक्षरे गोलसर व उठावाची असतात, अक्षर एकंदर रुंद होते व त्याची टोके दुभंगतात. सैल ठशाच्या दुहेरीपणात दुसरे अक्षर नसतेच. सपाट पायरी तेवढी असते व मूळ अक्षर उलट अरुंद होते. हातातील नाण्यात हा भेद भिंगाखाली सहज कळतो. छायाचित्रात मात्र तो बऱ्याच अंशी दिव्याच्या जागेवर अवलंबून असतो.

नाण्यांच्या चित्रणाचा इतिहास : छायाचित्रणापूर्वी नाण्याचे चित्र हाताने काढीत. बनारस व कलकत्ता येथील टांकसाळींत धातुपरीक्षक म्हणून काम केलेले जेम्स प्रिन्सेप (१७९९–१८४०) यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या नाण्यांची अनेक चित्रे स्वतः रेखाटली होती. नाण्यांवरील लेखांच्या अभ्यासाचा त्यांना ब्राह्मी लिपी उलगडताना मोठा उपयोग झाला. रेखाटनात चित्रकार नाणे हातात फिरवून सर्व बाजूंनी पाहतो व आपल्याला उमगलेली रेषा काढतो. म्हणून त्यात सावलीचा दोष नसतो. पण जे चित्रकाराला उमगले नाही, ते चित्रात येत नाही. आणि जे त्याने गृहीत धरले, ते मात्र येते.

चित्रकाराच्या मताचा अडसर दूर करण्यासाठी फ्रान्समध्ये आशील कोला (१७९५–१८५९) यांनी एक यंत्र पूर्णत्वास नेले. त्याचे एक टोक पदकाच्या उठावावरून फिरे आणि दुसरे टोक त्याच चढउताराप्रमाणे समांतर रेषा कोरीत जाई. १८३४ पासून पॅरिस येथे निघालेल्या नाणी व पदके यांच्या एका मोठ्या ग्रंथमालेतील चित्रे या पद्धतीने तयार केलेली होती. त्यांत एका बाजूने उजेड पडल्याचा हुबेहूब भास होतो.

छायाचित्रण रूढ झाल्यावरही मोठ्या संग्रहालयांनी प्रत्यक्ष नाण्याचे छायाचित्र घेण्याचे बराच काळ टाळले. धातूची चमक, डाग व काळपटपणा यांमुळे उठाव झाकला जातो, हे त्याचे कारण. त्याऐवजी नाण्याचा मेणासारख्या मऊ पदार्थात छाप घेऊन त्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतीत व त्या पांढऱ्या प्रतिकृतीचे छायाचित्र घेत. ब्रिटिश म्युझियमच्या सूचींतील चित्रपत्रे या प्रथेप्रमाणे तयार होत. प्रतिकृतीचा रंग सर्वत्र सारखा असल्याने चित्रातील काळे-पांढरे केवळ उठावामुळे येते. नाण्याच्या दोन्ही बाजू एकाच पत्रावर व एकाच प्रकाशात घेता येतात. मात्र धातूचा रंग, चमक, मुलामा व गंज यांचा पुरावा प्रतिकृतीत नष्ट होतो आणि बारीक कडा बोथट होतात. प्रतिकृतीच्या छायाचित्रालाही दिशा असलेला प्रकाश लागतोच, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. प्रकाश वरून किंवा डाव्या वरच्या बाजूने पडावा, असा संकेत यातूनच रूढ झाला.

महाराष्ट्रात १९८० मध्ये स्थापन झालेल्या व नासिकजवळ अंजनेरी येथे विकसित झालेल्या भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्थेने भारतीय नाण्यांचा मोठा छायाचित्रसंग्रह उभारला. परमेश्वरीलाल गुप्त यांचा तिच्या उभारणीत प्रमुख वाटा होता. ठिकठिकाणच्या संग्रहांतील नाणी एकमेकांशेजारी ठेवून पाहणे अशा संग्रहामुळेच शक्य होते. एकाच ठशातील दोन नाणी वेगवेगळ्या प्रकाशात कशी दिसतात, हेही त्यातून कळते.

प्रकाशाचे नियम व त्यांतून होणारे भ्रम : नाण्याचा उठाव फार थोडा असतो. तो ०·२ मिमी. धरल्यास ४५° उंचीवरील दिव्याने पडणारी सावली ०·२ मिमी. लांबीची असते, दिवा ३०° वर आणल्यास ती सु. ०·३५ मिमी. होते आणि १०° वर आणल्यास १·१ मिमी. पेक्षा अधिक होते. लहान नाण्यावरील दोन अक्षरांतील अंतर अनेकदा एवढेच असते. म्हणजे दिवा नाण्याच्या पातळीजवळ नेला, की एका अक्षराची सावली शेजारच्या अक्षराला जाऊन भिडते. सैल ठशाने झालेली सपाट पायरी अशा प्रकाशात पूर्ण दुसऱ्या अक्षरासारखी दिसते.

दुसरा नियम दिशेचा आहे. प्रकाशाच्या दिशेला आडवी असलेली रेषा सर्वांत ठळक दिसते; प्रकाशाच्या दिशेने धावणारी रेषा सावली टाकत नाही व जवळजवळ दिसेनाशी होते. देवनागरी लेख असलेल्या नाण्यावर डावीकडून प्रकाश टाकल्यास काने व दंड उठून दिसतात आणि शिरोरेषा फिकी पडते. प्रकाश वरून टाकल्यास नेमके उलट घडते. नाण्यावरील लेख वर्तुळाकार असल्यास अडचण आणखी वाढते. वर्तुळात प्रत्येक अक्षराचा कल निराळा असल्याने एकच प्रकाश प्रत्येक अक्षराला निराळी वागणूक देतो. एकाच ठशाने उमटलेले एकच अक्षर लेखाच्या आरंभी एक व मध्यावर दुसरे दिसू शकते.

तिसरा नियम दिव्यांच्या संख्येचा. दोन बाजूंना दोन दिवे ठेवल्यास प्रत्येक अक्षराला दोन उजळ कडा व दोन सावल्या मिळतात आणि अक्षर दुहेरी असल्याचा भास होतो. चकचकीत पोलादी नाण्यांत हा भास अधिक तीव्र असतो. याउलट पातळ कागदातून किंवा पांढऱ्या पडद्यावरून येणारा पसरट प्रकाश सावल्या पुसून टाकतो. त्यात झीज, घासल्याच्या खुणा व खरा टंकनदोषही लपतो.

चौथा भ्रम सर्वांत फसवा आहे. उजेड वरून येतो, असे मानवी दृष्टी नकळत गृहीत धरते. प्रकाश खालून आलेला असेल व पाहणाऱ्यास ते ठाऊक नसेल, तर उंच भाग खोल व खोल भाग उंच दिसतो. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस (१७३२–९६) यांनी १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात या भ्रमाचा संबंध प्रकाशाच्या दिशेशी जोडला. पुढे १७९२ मध्ये तेच अमेरिकेच्या टांकसाळीचे पहिले संचालक झाले. स्कॉटिश भौतिकीविज्ञ डेव्हिड ब्रूस्टर (१७८१–१८६८) यांनीही उठावाचे कोरीव काम खोदीव भासण्याच्या या भ्रमावर लिहिले आहे. नाणे दिव्याखाली उलटे ठेवून छायाचित्र घेतले आणि नंतर चित्र फिरवून सरळ केले, तर चित्रात प्रकाश खालून येतो व हा भ्रम आपोआप निर्माण होतो.

संग्राहकाच्या दृष्टीने याचे महत्त्व फार आहे. नाण्यावरील उंच रेषा ही बहुधा ठशाच्या तड्याची किंवा ओरखड्याची खूण असते, म्हणजे ती टांकसाळीत निर्माण झालेली असते. खोल रेषा ही बहुधा नाणे बाहेर पडल्यावर बसलेल्या घासाची खूण असते. पहिलीला संग्राहक दाम देतात. दुसरीने नाण्याची किंमत उतरते. प्रकाशाची दिशा उलटली, की एकीची जागा दुसरी घेते. चिकटलेल्या नाण्यामुळे उमटणाऱ्या खोलगट प्रतिमेची मात्र एक खात्रीची खूण आहे : तीत अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी असतात. अक्षरे खोल दिसत असूनही सुलटी वाचता येत असतील, तर संशय प्रथम प्रकाशावर घ्यावा लागतो.

अंकीय छायाचित्रणाने या भ्रमांत भर घातली आहे. चित्र आपोआप स्पष्ट करण्याच्या क्रियेत अक्षराच्या कडेने एक उजळ व एक काळी किनार तयार होते. चित्राचा आकार कमी करताना लहान रेषा एकमेकींत मिसळतात. सपाट काचेवर नाणे ठेवून प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात दिवा एकाच बाजूने सरकत जातो, म्हणून त्याच्या चित्रातही एकाच दिशेच्या सावल्या असतात.

मराठेकालीन व अर्वाचीन नाण्यांतील उदाहरणे : दुदांडी शिवराई या तांब्याच्या नाण्यावर लेखाच्या ओळींमध्ये दोन समांतर आडव्या रेषा असतात, त्यांवरूनच तिला हे नाव पडले. झिजलेल्या दुदांडीवर त्या रेषांच्याच दिशेने प्रकाश टाकला, तर दोन रेषांमधली खाच सावलीअभावी भरल्यासारखी होते व एकच जाड रेषा दिसते. असे नाणे निराळ्या ठशाचे समजले जाण्याचा संभव असतो. शिवरायांवरील ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्यांचे व अक्षरवळणांचे असंख्य भेद अभ्यासकांनी नोंदविले आहेत. त्यांतील पुष्कळसे खरे आहेत, कारण ठसे अनेक हातांनी कोरलेले होते. परंतु एकाच छायाचित्रावरून नोंदलेला भेद पक्का समजता येत नाही.

१८४० हे साल असलेल्या व्हिक्टोरिया राणीच्या कंपनी रुपयावर तिच्या मानेच्या कापापाशी विल्यम वायन या कोरक्याची आद्याक्षरे आढळतात. ती काही ठशांत उठावाची, तर काहींत खोदीव आहेत. संग्राहक या भेदावरून, तसेच मागील बाजूवरील पुष्पमालेतील फळांच्या संख्येवरून, प्रकार ठरवितात. उठाव व खोदकाम यांतील फरक ओळखणे हाच ज्या भ्रमाचा विषय, त्याच फरकावर येथे वर्गीकरण उभे आहे. म्हणून अशा रुपयाच्या छायाचित्रात प्रकाशाची बाजू समजल्याशिवाय प्रकार सांगणे धोक्याचे असते. बाजू ओळखण्याचा साधा उपाय म्हणजे नाण्याची कड किंवा राणीचे मस्तक यांसारखा निश्चित उठावाचा भाग आधी पाहणे. त्याची सावली जिकडे पडली असेल, त्याच्या विरुद्ध बाजूस दिवा असतो.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सालाखाली टांकसाळीची खूण असते. मुंबईची खूण हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची चांदणी व नोएडाची गोल टिंब अशी आहे. कलकत्त्याच्या नाण्यांवर खूण नसते. ही खूण फार लहान असते. झिजलेल्या नाण्यावर एका बाजूने प्रकाश टाकल्यास हिऱ्याचे दोन कोन सावलीत जातात व तो टिंबासारखा दिसतो. पसरट प्रकाशात खूण नाहीशीच होते. ‘खूण नसलेले मुंबईचे नाणे’ किंवा ‘अमुक सालचे अपरिचित नोएडा नाणे’ असे दावे अशा एखाद्याच छायाचित्रावर आधारलेले असू शकतात.

चांदा जिल्ह्यातील सातवाहन नाणी : छायाचित्राच्या मर्यादांचा प्रश्न किमतीपुरता नसून इतिहासाचा आहे, हे वैनगंगेच्या परिसरातील नाण्यांवरून स्पष्ट होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात तत्कालीन चांदा जिल्ह्यात (आताचे चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे) सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा एक साठा सापडला. रूडॉल्फ हर्न्ले (१८४१–१९१८) यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि एडवर्ड जेम्स रॅप्सन (१८६१–१९३७) यांनी आंध्र व पश्चिमी क्षत्रप इत्यादींच्या नाण्यांच्या १९०८ सालच्या सूचीत त्यातील नाण्यांचा विचार केला. या नाण्यांच्या दर्शनी बाजूवर हत्ती व त्याभोवती ब्राह्मी लेख, तर मागील बाजूवर चार वर्तुळे जोडलेले उज्जयिनी चिन्ह असते. ठसा चकतीहून मोठा असल्याने संपूर्ण लेख क्वचितच एका नाण्यावर सापडतो. एकावर ‘सिरि’ (श्री) व पुढील एखादे अक्षर, दुसऱ्यावर नावाचा शेवट, असे तुकडे जुळवून राजाचे नाव सिद्ध करावे लागते.

पुढे १९३९ मध्ये अकोला जिल्ह्याच्या तत्कालीन मंगरूळ तालुक्यातील (आता वाशिम जिल्हा) तऱ्हाळा या गावी सु. १,६०० पोटीन नाण्यांचा मोठा साठा मिळाला. वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) यांनी त्याचा अभ्यास करून पुराणांच्या राजावलीत नसलेली कुंभ, कर्ण व शक ही सातकर्णींची नावे पुढे आणली. रॅप्सन यांच्या सूचीत चांद्याच्या नाण्यांवरून कृष्ण (दुसरा) या नावाचा राजा आलेला होता. प्राकृत लेखात कृष्णाचे ‘कण्ह’ व कर्णाचे ‘कण’ असे रूप होते. दोहोंतील अंतर जोडाक्षराच्या खालच्या एका भागाचे आहे, आणि नाण्याच्या कडेवर नेमका तोच भाग तुटका किंवा पुसट असतो.

ब्राह्मीतील ‘क’ अधिकाच्या चिन्हासारखा, तर ‘र’ केवळ उभ्या दंडासारखा असतो. ‘क’च्या आडव्या रेषेच्या दिशेने प्रकाश आल्यास ती मावळते व ‘र’ उरतो. अक्षराच्या माथ्यावरील इकाराची खूण व धातूतील लहानसा फुगवटा यांतही एका प्रकाशात फरक राहत नाही. अशा एका रेषेवर राजाचे नाव, त्याच्या राज्याचा काळ व सातवाहनांची सत्ता विदर्भात किती काळ टिकली, यांविषयीची अनुमाने अवलंबून असतात. तऱ्हाळ्याच्या साठ्याचे महत्त्व यातच आहे, की त्यात एका नावाची अनेक नाणी एकत्र मिळाली. एका नाण्यावर तुटलेले अक्षर दुसऱ्यावर सापडले, म्हणून वाचनाला एका नाण्याच्या एका चित्रावर विसंबून राहावे लागले नाही.

पडताळणीच्या पद्धती : टंकनदोष किंवा नवे वाचन सिद्ध करण्याची पहिली कसोटी अगदी साधी आहे. कॅमेरा व नाणे जागेवर स्थिर ठेवून दिवा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवावा व निदान चार दिशांनी छायाचित्रे घ्यावीत. धातूची रेषा कमीअधिक ठळक होते, पण आपली जागा सोडत नाही. सावली मात्र दिव्याबरोबर सरकते. सरकणारी रेषा दोष नव्हे. दुसरी कसोटी दिव्याच्या उंचीची : ४५° व १५° अशा दोन उंचींवरील चित्रांत दुसऱ्या अक्षराची रुंदी बदलत असल्यास ती सावली समजावी. तिसरी कसोटी तुलनेची : दुहेरी ठसा किंवा ठशाचा तडा असल्यास त्याच ठशाच्या दुसऱ्या नाण्यावर तोच दोष त्याच जागी आढळला पाहिजे. चौथी कसोटी छायाचित्राबाहेरची असून ती वजन, व्यास, जाडी व धातू यांची आहे. अपुऱ्या वजनाच्या चकतीचा दोष किंवा मुलामा चढविलेले बनावट नाणे चित्रातून ठरविता येत नाही; ते तराजूवर ठरते. दहापट मोठे दाखविणारे साधे भिंग व हातात फिरविता येणारे नाणे यांची बरोबरी एकटे छायाचित्र करू शकत नाही.

२००१ मध्ये टॉम माल्झबेंडर व त्यांचे सहकारी यांनी या कसोटीचेच संगणकीय रूप मांडले. या पद्धतीत कॅमेरा स्थिर ठेवून वेगवेगळ्या दिशांच्या प्रकाशात अनेक छायाचित्रे घेतात व संगणक ती एकत्र करतो. त्यानंतर पाहणाऱ्याला पडद्यावर प्रकाश हवा तसा फिरविता येतो. शिलालेख, चित्रे व नाणी यांच्या अभ्यासात ही पद्धत उपयुक्त ठरली आहे. तिचे तत्त्व मात्र नाणे खिडकीशी नेऊन हातात फिरविणाऱ्या जुन्या सराफाला ठाऊक असलेलेच आहे.

आरमोरी व वनप्रदेशातील नाणेशोध : वैनगंगेच्या डाव्या तीरावरील आरमोरी हे कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध असलेले बाजारपेठेचे गाव आहे. ते पूर्वी चांदा जिल्ह्यात होते व २६ ऑगस्ट १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात आहे. वैरागडचा जुना किल्ला याच तालुक्यात असून तेथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आईन-इ-अकबरी मध्ये आढळतो. प्राचीन वस्ती, नदीकाठचे मार्ग व गोंड आणि भोसले काळातील व्यवहार यांमुळे या भागात जुने नाणे हाती लागणे अशक्य नाही. नांगराच्या फाळाला किंवा पायाच्या खोदकामात लागलेल्या गाडग्याची पहिली नोंद आता बहुधा छायाचित्रानेच होते. १८६३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय अशा गावांपासून दूर पडते. चित्र मात्र तेथे तात्काळ पोहोचू शकते. जाणकाराच्या उत्तराचा पहिला आधार म्हणूनच ते चित्र ठरते.

येथे चुकीच्या प्रकाशाची किंमत दुहेरी असते. सावलीला दोष समजून एखादे सामान्य नाणे चढ्या भावाने विकत घेणाऱ्याचे पैसे जातात, हा लहान तोटा. मोठा तोटा म्हणजे साठ्याची फूट. एका चित्रात ‘दुर्मिळ’ दिसलेले नाणे निवडून विकले जाते, उरलेली वितळविली किंवा वाटली जातात आणि नाणी एकत्र असताना जो पुरावा तऱ्हाळ्याने दिला, तसा पुरावा पुन्हा मिळत नाही. याउलट पसरट प्रकाशातील पुसट चित्रामुळे खरोखर महत्त्वाचे अक्षर ‘झीज’ म्हणून बाजूला पडते. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. तसेच शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांना पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ लागू होतो. या तरतुदींमुळे साठा एकत्र राहतो व नाणी प्रत्यक्ष तपासता येतात.

नाणे सापडल्यास ते घासू किंवा चिंचेने धुऊ नये, कारण लेखाच्या बारीक कडा त्यात नाहीशा होतात. छायाचित्र घेताना नाण्याशेजारी मोजपट्टी ठेवावी, दोन्ही बाजू घ्याव्यात, दिव्याची बाजू लिहून ठेवावी व प्रकाश बदलून किमान दोन चित्रे घ्यावीत. वजन व सापडल्याचे ठिकाण यांची नोंद त्यासोबत जोडावी. एवढी माहिती असलेले साधे चित्रही अभ्यासकाला पुरेसे ठरते. तिच्यावाचून अत्यंत स्पष्ट चित्रावरूनही त्या वेळी दिवा कोठे होता, एवढेच काय ते निश्चितपणे सांगता येते.